तळ्याकाठचा कॅम्प: सोलापूरहून निघणाऱ्या कुटुंबाने जागा कशी निवडावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचं दहा जणांचं कुटुंब आहे, त्यात आठ-दहा वर्षांची तीन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या आजी. डिसेंबरच्या मध्यावर दोन रात्री टेंटमध्ये राहायचंय, झाडी आणि तळं दोन्ही हवं. बामणोली-तापोळा, पवना, भंडारदरा की घराजवळचं उजनी, हे ठरत नाही, कारण कॅम्पवाल्यांनी पाठवलेले फोटो सगळे एकसारखेच दिसतात.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. या कुटुंबाने कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे, म्हणजे बामणोली-तापोळ्याच्या बाजूला जावं. भंडारदरा सुंदर आहे, पण सोलापूरहून अहिल्यानगर, संगमनेर, अकोले असा जवळजवळ अख्ख्या दिवसाचा प्रवास होतो, त्यामुळे तीन रात्री असतील तरच. पवनेला जायचं तर सोमवार ते गुरुवार. उजनीला पक्षी बघायला जावं, टेंट टाकायला नाही. पण तळं ठरलं म्हणजे निम्मंच काम झालं. एकाच काठावर, पाच-सातशे मीटरच्या अंतरात, एका जागी मुलं सकाळपर्यंत गाढ झोपतात आणि दुसऱ्या जागी पहाटे चारला सगळे गाडीत जाऊन बसलेले असतात. टेंटखाली जमीन कसली आहे, ती पाण्यापासून किती उंचावर आहे आणि रात्री तिथे थंडी साचते का, यावर हे ठरतं. यातलं काहीच फोटोत दिसत नाही.

सुरुवात पाण्यापासून करू. ही चारही तळी धरणांची आहेत. म्हणजे पाण्याची कड रोज थोडी थोडी हलत असते. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, ‘उजनी प्लस झाली का’ हे आपण पावसाळाभर विचारत असतो. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे एरवी वापरायला न सोडलं जाणारं तळाचं पाणी. त्याच्या वर पातळी चढली की धरण ‘प्लस’. धरण शून्य टक्के म्हणतात तेव्हाही आत अफाट पाणी असतं, पण काठ मात्र खूप आत सरकलेला असतो. हिशेब सोपा आहे. काठाचा उतार पन्नासास एक असेल, म्हणजे पन्नास मीटर चालल्यावर जमीन एक मीटर उतरत असेल, तर पाणी दोन मीटर खाली गेलं की कड शंभर मीटर दूर जाते. उजनीचा काठ असाच सपाट, जुन्या शेतांचा. त्यामुळे ऑक्टोबरात टेंटच्या दारात दिसणारं पाणी एप्रिल-मेमध्ये चिखलाच्या पट्ट्यापलीकडे गेलेलं असतं. भंडारदऱ्याचे आणि कोयनेचे काठ बऱ्याच ठिकाणी उभे आहेत, तिथे पातळी उतरली तरी पाणी फार लांब जात नाही, पण उतरून जायला पायवाट निसरडी मिळते. डिसेंबरात, पाऊस बरा झालेला असेल तर, सगळीच धरणं बऱ्यापैकी भरलेली असतात. तुमच्या तारखांना हा प्रश्न छोटा आहे. तरीही कॅम्पवाल्याकडून आठवड्याच्या आतला व्हिडिओ मागवा, जुना फोटो नको.

पाणी जिथवर चढतं तिथे काठावर खूण राहते: वाळलेल्या काटक्यांची, प्लास्टिकची, पाण्यासोबत आलेल्या कचऱ्याची एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली झाडं-झुडपं नसलेली उघडी जमीन. टेंट या रेघेच्या वर हवा. उंचीने निदान दोन-तीन मीटर वर आणि चालत साठ-सत्तर मीटर मागे. भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरला जाणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवतात आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडतात. त्यामुळे वरच्या तळ्याची पातळी पाऊस नसतानाही बदलते, आणि संध्याकाळी कोरडी दिसलेली कड सकाळी कोरडी असेलच असं नाही. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तर कधीच मुक्काम करू नये. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, पण झोपेतल्या दहा जणांना सामानासकट वर यायला तेवढा वेळ पुरत नाही.

मुलं आहेत म्हणून पोहण्याबद्दल स्पष्ट लिहितो: धरणाच्या फुगवट्यात पोहायला उतरू देऊ नका, गुडघाभर पाण्यातही नाही. या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, बुडालेल्या विहिरी आहेत. चार पावलं सपाट गाळ असतो आणि पाचव्याला तळ लागत नाही. गाळात पाय रुतला की मूल घाबरून पुढे झुकतं. बोटीत बसायचं ते सकाळी, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, पट्टे आवळलेले, आणि मुलांना मुलांच्याच मापाचं. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून वर निघून जातं. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान उजनीत बोट उलटली ती संध्याकाळी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात, आणि सहा जणांचा जीव गेला. मोठ्या उघड्या पाण्यावर वारा अडवायला काही नसतं, लाटा काही मिनिटांत उठतात. डिसेंबरात तशी वादळं सहसा होत नाहीत, पण बोटवाला जॅकेटला ‘कशाला हवंय’ म्हणत असेल तर ती बोट सोडून द्यावी.

आता थंडी. सोलापूरकरांची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, कारण आपण उन्हाची तयारी करण्यात तरबेज असतो. सोलापुरात डिसेंबरच्या रात्री पारा पंधरा-सोळाच्या आसपास असतो. घाटमाथ्यावरच्या तळ्याकाठी तो दहाच्या खाली जाऊ शकतो आणि भोवती दमटपणा असतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दरवर्षी दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्याच पहाटे गावात मात्र तसं काही नसतं. गार हवा जड असते, रात्री ती डोंगरउतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागेत साचून राहते. तळं म्हणजे त्या खोऱ्याचा तळच. म्हणून पाण्याला खेटून असलेली जागा सगळ्यात थंड आणि सगळ्यात ओली. तीच जागा वीस-तीस मीटर वर, उताराच्या मध्यावरच्या एखाद्या टप्प्यावर असेल तर रात्र कितीतरी सुसह्य जाते, आणि सकाळी तळ्यावरचं धुकं वरून बघायला मिळतं. कॅम्पवाला ‘लेकटच’, म्हणजे पाण्याला अगदी लागून असलेल्या टेंटचे जास्त पैसे सांगेल. तुम्ही कमी पैशातला मागचा, वरच्या टप्प्यावरचा मागून घ्या.

दवासाठी झाडं उपयोगी पडतात. उघड्या आभाळाखालचा टेंट पहाटे वरून टपटप भिजलेला असतो. फांद्यांखालचा बराच कोरडा राहतो, कारण पानांचं छत जमिनीतली ऊब आभाळात निसटू देत नाही. पण झाडाखाली जाण्याआधी मान वर करून दोन गोष्टी पाहाव्यात. एक, वाळलेली फांदी. साल गळालेली, पानं नसलेली फांदी वारा नसतानाही तुटते. दोन, आग्या मोहोळ. सह्याद्रीतल्या उंच झाडांवर, कड्यांवर या मधमाश्यांची मोठी उघडी पोळी लोंबत असतात. खाली शेकोटीचा धूर झाला किंवा कुणी दगड मारला की अख्खं मोहोळ उठतं आणि माणसांचा लांबवर पाठलाग करतं. पोळं दिसलं तर त्या झाडापासून लांब, दुसरी जागा घ्या. म्हणजे उत्तम जागा कुठली, तर झाडीच्या कडेची. दार पूर्वेला ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन थेट आत येतं आणि नऊ वाजेपर्यंत टेंट वाळतो.

जमिनीकडे वळू. तापोळा, भंडारदरा, पवना इथले बरेच कॅम्प भाताच्या कापलेल्या खाचरांत असतात. खाचर सपाट असतं म्हणून टेंट लावायला मोह होतो. पण भातासाठी पाणी साठावं म्हणूनच ते तसं केलेलं असतं, चारही बाजूंनी बांध, खाली घट्ट बसलेली चिकणमाती. वरून भेगाळलेलं, कोरडं दिसतं आणि आत ओल असते. पारख करायला टेंटची एक खुंटी पुरे. ती वीतभर ठोका आणि उपसून काढा. खुंटीला करडी माती लिंपल्यासारखी चिकटून आली, तर खाली ओल आहे आणि रात्री ती गादीखालून वर येणार. खुंटी कोरडी, मुरमाची पूड लागलेली निघाली तर जागा पास. जांभ्याच्या पठारावर ओल नसते, पण खुंटी आत जात नाही, तिथे दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. आपल्याकडची काळी माती तर टेंटसाठी सगळ्यात वाईट. कोरडी असताना भेगांत खुंटी धरत नाही, आणि दोन सरी पडल्या की चपलेला किलोभर चिखल. उजनीकाठी टेंट नको म्हणण्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथे सावलीला वेड्या बाभळीशिवाय फारसं काही नाही. तिसरं, काठालगतच्या उसात बिबट्याचा वावर वाढलाय. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली होती, हे जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक हे पक्षी बघायला भिगवण-कुंभारगावला पहाटे पोचा, तिथल्याच एखाद्या घरगुती मुक्कामात राहा.

उतार थोडा असलेलाच बरा, पाणी निघून जातं. झोपताना डोकं चढाकडे. टेंटभोवती चर खणायची मात्र गरज नाही, जागा योग्य असेल तर पाणी तिथे येतच नाही.

टेंटबद्दल आकड्यांनी बोलू. ‘चार जणांचा’ म्हणून मिळतो त्यात तीन मोठी माणसं आणि सामान मावतं, कारण बनवणारा माणशी पंचावन्न-साठ सेंटिमीटर रुंदी धरतो. आजींचं वेगळं बघू, उरलेल्या नऊ जणांना असे तीन लागतील. आत पाणी दिसलं की लोक म्हणतात टेंट गळतो. बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन लावून घेतल्या की ती वाफ कापडावर जमून खाली ठिबकते. वरची जाळी बोटभर तरी उघडी ठेवा, आणि बाहेरचं कापड आतल्याला चिकटत नाही ना ते दोऱ्या ताणून बघा. अंथरायचा प्लास्टिक कागद टेंटच्या तळापेक्षा थोडा लहान हवा. कडेने बाहेर आलेला कागद दव गोळा करून तळाखाली सोडतो. कायम उभ्या असलेल्या टेंटचं कापड उन्हाने कुजतं. आल्याआल्या शिवणीजवळ चिमटीत धरून ताणून बघा, कापड पिठूळ लागलं किंवा चर्र आवाज आला तर टेंट बदलून मागा.

पांघरायला सोलापुरी चादर नक्की न्या, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. सूत दमट हवा शोषून घेतं आणि मध्यरात्रीनंतर चादर गार, जड होते. ती आत, अंगाला लागून घ्या आणि वर स्लीपिंग बॅग किंवा लोकरीची घोंगडी. खालून येणारी थंडी वरच्यापेक्षा जास्त त्रास देते. फोमची चटई माणशी एक, निदान दहा मिलिमीटर जाडीची. हवेची गादी मऊ असते, पण आतली हवा गार पडली की पाठ गारठते. आणि टेंटमध्ये कोळशाची शेगडी कधीही नेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

आजींसाठी टेंट नको. त्यांना जमिनीवरून उठता येणार नाही आणि रात्री दोनदा उठावं लागेल. बऱ्याच कॅम्पांत ए आकाराच्या लाकडी खोल्या किंवा खाट असलेले मोठे तंबू असतात, त्यातला शौचालयाच्या सगळ्यात जवळचा एक घ्या. विचारताना ‘सोय आहे ना’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणतील. गाडी उभी राहते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, धरायला दांडी किंवा भिंत आहे का, रात्री वाटेवर दिवा असतो का, असं सुटं सुटं विचारा. बामणोलीकडचे काही कॅम्प बोटीनेच गाठता येतात. ते मुलांना आवडतील, पण बोटीत चढणं-उतरणं गुडघ्यांना झेपणारं नाही, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर अडकायला होतं.

फोनवर आणखी काय विचारायचं तेही सांगतो, कारण निवड खरी इथेच होते. शौचालयं किती आणि त्या रात्री माणसं किती. पंधरा माणसांमागे एक असेल तर चालून जातं, तीस मागे एक असेल तर सकाळी रांग आणि दुपारपर्यंत दुर्गंधी. शोषखड्डा कुठे आणि पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे. विहीर खड्ड्याच्या खालच्या अंगाला असेल तर तिथलं पाणी फक्त हात धुवायला. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरून जार घेऊन जा. स्पीकर किती वाजता बंद होतो. कायद्याने रात्री दहानंतर वाजवता येत नाही, पण पवनेच्या शनिवारात हे पाळणारे आणि न पाळणारे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ याला अर्थ नाही, ‘शेजारच्या कॅम्पात?’ असं विचारा. दिव्यांच्या वायरी गवतातून, जोड देऊन नेलेल्या असतील आणि रात्री दव पडणार असेल तर शॉक बसायला वेळ लागत नाही. व्हिडिओत वायरी नीट बघा. जमीन मालकीची आहे की वनखात्याची, हेही विचारा. बामणोलीच्या पलीकडचा काठ कोयना अभयारण्यात येतो. तिथल्या वासोटा किल्ल्यावर बामणोलीहून वनखात्याची परवानगी घेऊनच जाता येतं आणि तिथे रात्री राहायला बंदी आहे. कास पठारावरही टेंट लावता येत नाही. कुणी ‘आम्ही सोय करतो’ म्हणालं तरी नाही म्हणा.

साप हिवाळ्यात कमी दिसतात, पण असतात. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. म्हणून आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी चेन पूर्ण लावायची, बूट आत ठेवायचे, घालण्याआधी झटकायचे, आणि टॉर्चशिवाय एकही पाऊल नाही. दंशाचा नुसता संशय आला तरी चिरणं, बांधणं, चोखणं काही न करता, तो अवयव हलू न देता थेट १०८ ची रुग्णवाहिका किंवा आपली गाडी. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय तिथून दीड-दोन तासांवर आहे, रस्ता वळणांचा आहे. काठावर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, ती कुठे मिळते ते आल्याआल्या विचारून ठेवा. खरकटं टेंटजवळ टाकलं की माकडं येतात, रात्री रानडुकरं. सोलापूरहून कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या नेल्यात तर त्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा गाडीत. मुलांच्या उशाशी बिस्किटाचा पुडा राहू देऊ नका, मुंग्या लागतात आणि उंदीर टेंटचं कापड कुरतडून आत येतात.

शेकोटी कॅम्पने आखलेल्या जागीच, टेंटपासून निदान आठ-दहा मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. उडालेली एक ठिणगी नायलॉनला क्षणात भोक पाडते. लाकडं कॅम्पवाल्याकडून विकत घ्या, जंगलातून गोळा करू नका. झोपण्याआधी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पाठ जवळ नेऊन ऊब जाणवत नाही ना ते बघा. डिसेंबरात गवत पिवळं पडलेलं असतं, फेब्रुवारीनंतर तर वणव्याचाच काळ, तेव्हा शेकोटीच नको.

सोलापूरहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडीमार्गे सातारा आणि पुढे कासवरून बामणोली, असा रस्ता धरा. एकादशीला पंढरपुरातून जाणं टाळा. पहाटे सहाला निघालात तर थांबत-थांबत दुपारी दोन-तीनला पोचता. त्याच्या पुढे उशीर नको. सहाला अंधार पडायला लागतो, कासच्या पुढचा रस्ता अरुंद आहे, धुकं उतरतं आणि रानगवे रस्त्यावर येतात. शिवाय उजेडात पोचलात तरच वरची सगळी पारख करता येते. सामान उतरवण्याआधी एकाने खुंटी घेऊन जागा बघून यावी, दुसऱ्याने शौचालय आणि आजींची खोली. ठरलेली जागा ओली किंवा पाण्याला फार खेटून निघाली, तर तेव्हाच, इतर पाहुणे यायच्या आत, वरच्या टप्प्यावरची जागा मागून घ्यावी. चारच्या आत मागितली की बहुतेक कॅम्पवाले देतात. सातला सगळे टेंट भरलेले असतात.